घोडीवरचे हरवलेले खोगीर



गावात लग्नाची वरात निघाली, की ताशाच्या जोडीला बेंजो ऐकू येतो. डाव्या हाताची बोटे टाइपरायटरसारख्या कळा दाबतात, उजवा हात तारा छेडतो आणि अख्खी आळी नाचायला लागते. या वाद्याला आपण बेंजो म्हणतो, कोणी बुलबुलतरंग म्हणतो. पण त्याचे मूळ घराणे कुठले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ते घराणे जपानचे. १९१२ साली जपानात ताइशो नावाचे राजपर्व सुरू झाले. त्याच वर्षी नागोया शहरातल्या गोरो मोरिता या गृहस्थाने कळांचे हे तंतुवाद्य बनवले, आणि त्याला ताइशोगोतो हे नाव पडले. पुढे ते समुद्र ओलांडून हिंदुस्थानात आले आणि आपल्या वरातीत रमले.

तेव्हा जपानी वाद्य म्हणजे आपल्याला अगदीच परके पाहुणे नव्हे. आज मी तुम्हांला अशाच दुसऱ्या एका जपानी वाद्याची हकीकत सांगणार आहे. ते वाद्य म्हणजे बेस गिटार, खर्जाची गिटार. आणि हकीकत सगळ्या गिटारची नाही बरं का, तिच्यावरच्या एका धातूच्या तुकड्याची आहे. बोटाच्या पेराएवढा तुकडा! पण तो हरवला, की चार तारांपैकी एक तार निकामी होते आणि चांगले वाद्य अडगळीत जाते. तो तुकडा पुन्हा कसा मिळवायचा, हे शोधू गेले तर सव्वाशे वर्षांचा इतिहास उलगडतो.

आधी वाद्याची ओळख करून घेऊ. तंबोरा तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या फळीवर, एक आडवी पट्टी असते आणि तारा तिच्यावरून जातात. तिला आपण घोडी म्हणतो. नाव किती समर्पक आहे पाहा! तारेचा सगळा भार तीच पाठीवर घेते आणि तारेचा कंप लाकडाच्या अंगात पोहोचवते. गिटारलाही अशी घोडी असते. बेस गिटारची घोडी बहुधा धातूची, आणि तिच्यावर प्रत्येक तारेसाठी एक वेगळा ठोकळा बसवलेला. इंग्रजीत त्या ठोकळ्याला जे नाव आहे, त्याचा अर्थच मुळी खोगीर. घोडी आली म्हटल्यावर खोगीर ओघानेच आले, नाही का? चार तारा, चार खोगिरे. प्रत्येक खोगिराला मागून एक लांब स्क्रू असतो. तो फिरवला की खोगीर पुढे-मागे सरकते. वरून दोन बारीक ग्रब स्क्रू असतात. ते फिरवले की खोगीर उंच किंवा ठेंगणे होते.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? तार ताणली, की झालं! तसे नाही. तारेची लांबी अर्धी केली, की स्वर बरोबर एक सप्तक वर जातो, हे गुरुजी मुलांना शिकवतात. गिटारच्या दांडीवरचा बारावा पडदा म्हणूनच तारेच्या मध्यावर ठोकलेला असतो. लांब दांडीच्या बेस गिटारमध्ये तारेची मापाची लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर धरतात. तिचा मध्य ४३२ मिलिमीटरवर येतो. पण बोटाने तार पडद्यावर दाबली, की ती किंचित ताणली जाते आणि स्वर थोडा चढतो. जाड तारेला हा दोष अधिक. म्हणून तिचे खोगीर हिशेबापेक्षा थोडे मागे सारून तार जरा लांब ठेवावी लागते. चारही तारांची जाडी निराळी, म्हणून चारही खोगिरांची जागा निराळी. चांगल्या लागलेल्या बेस गिटारची घोडी पाहा, तिच्यावरची खोगिरे एका सरळ ओळीत नसतात, तिरकी उभी असतात. त्यांतले एक जरी गेले, तरी त्या तारेचा स्वर कधी ठिकाणावर येत नाही.

ही युक्ती कोणी काढली? अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात फुलर्टन नावाचे गाव आहे. तिथे लिओ फेंडर नावाचा माणूस रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवत होता. १९३८ साली त्याने ते दुकान घातले. गिटार वाजवायला तो कधी शिकला नाही, पण दुकानात येणाऱ्या वादकांच्या तक्रारी तो कान देऊन ऐकायचा. त्या काळी खर्जाच्या साथीला डबल बेस नावाचे माणसापेक्षा उंच वाद्य असे. ते न्यायला अवघड, आणि बँडच्या गोंगाटात ऐकू येईना. त्याच्या दांडीवर पडदे नसल्यामुळे स्वर नेमका लागायला वर्षानुवर्षांचा रियाज हवा. फेंडरने १९५१ साली पडद्यांची, विजेवर वाजणारी बेस गिटार बाजारात आणली. तिच्या घोडीवर आधी दोनच खोगिरे होती, दोन-दोन तारांना मिळून एक. ती दाबलेल्या फायबरची होती. पण दोन तारांना एकच खोगीर म्हटल्यावर एकीचे जमवावे तर दुसरीचे बिघडते. शेवटी १९५७ साली प्रत्येक तारेला आपले खोगीर मिळाले. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातून एक नवे वाद्य जन्मले, एवढे इथे ध्यानात ठेवा. हाच धागा आपल्याला जपानातही सापडणार आहे.

आता जपानकडे वळू. पण १९५१ च्या नंतर नाही, बरेच आधी. साल १८८७. हामामात्सु गावातल्या प्राथमिक शाळेत एक परदेशी ऑर्गन होता. आपल्या जुन्या संगीत नाटकांत साथीला पायाने भाता मारून वाजवायची पायपेटी असे ना, त्याच जातीचे वाद्य. तो बिघडला. गावात दुरुस्ती कोण करणार? घड्याळे आणि डॉक्टरी उपकरणे दुरुस्त करणारा तोराकुसु यामाहा नावाचा एक कारागीर तिथे होता. त्याला बोलावले. त्याने ऑर्गन उघडला आणि दोष शोधून काढला. दोन स्प्रिंगा तेवढ्या तुटल्या होत्या, असे सांगतात. दुसरा एखादा असता तर स्प्रिंगा बसवून, मजुरी घेऊन घरी गेला असता. यामाहाने आतली एकूणएक रचना पाहून घेतली, नकाशे काढले, आणि मनाशी म्हटले, हे आपल्यालाही बनवता येईल.

त्याने खरोखरच एक ऑर्गन बनवला. मग तो आणि त्याचा सोबती किसाबुरो कावाई यांनी तो ऑर्गन कावडीसारखा खांद्यावर घेतला आणि हाकोनेचा घाट चढून तोक्योला नेला. अंतर सुमारे २५० किलोमीटर! तिथल्या संगीत विद्यालयात तज्ज्ञांनी वाजवून पाहिला. निकाल काय लागला? बांधणी चांगली, पण स्वर चुकलेले. यामाहा खचला नाही. तो तिथेच राहिला, महिनाभर स्वरशास्त्र शिकला, गावी परतला आणि दुसरा ऑर्गन बनवला. तो पसंतीला उतरला. पुढे १८९७ साली निप्पोन गाक्की ही त्याची कंपनी स्थापन झाली. आजची यामाहा कंपनी ती हीच. स्वर जुळवायला जो चिमटा वापरतात, त्या स्वरकाट्याचे तीन नग एकमेकांत गुंफून तिने आपली निशाणी केली. पहिल्या प्रयत्नात त्याचा हात चालला, पण माप चुकले. दुसऱ्या प्रयत्नात माप हाती आले आणि वाद्य बोलू लागले.

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. जपानची शहरे जळून गेली होती. अमेरिकन फौजा देशात आल्या, त्यांच्याबरोबर त्यांची गाणीही आली. त्यांच्या क्लबांत वाजवणाऱ्या जपानी वादकांना वाद्ये हवी होती. १९४६ साली तोक्योत टेइस्को ही कंपनी निघाली. तिच्या संस्थापकांपैकी आत्सुओ कानेको हे स्वतः गिटार वाजवणारे होते. १९६५ साली व्हेंचर्स नावाच्या अमेरिकन वादकसंचाने जपानचा दौरा केला आणि विजेच्या गिटारचे असे वेड लागले, की काही ठिकाणी शाळकरी मुलांना ती वाजवायची मनाई करण्यात आली. शिक्षकमंडळी सगळीकडे सारखीच! १९६६ साली यामाहाच्याही विजेच्या गिटार आणि बेस गिटार बाजारात आल्या.

या काळात मात्सुमोतो शहर पुढे आले. नागानो प्रांतातले हे डोंगरातले शहर लाकूडकामासाठी पूर्वीपासून नावाजलेले. तिथे १९५१ साली मात्सुमोकु नावाचा कारखाना निघाला. तो कशासाठी? शिवणयंत्रांच्या लाकडी पेट्या बनवण्यासाठी. सिंगर कंपनीचे शिवणयंत्र आपल्याकडेही खेडोपाडी पोचले आहे. त्याच कंपनीसाठी मात्सुमोकु पेट्या बनवत असे. लाकूड सुकवणे, कापणे, घासणे, झिलई चढवणे, ही सगळी विद्या हाती होतीच. पेट्यांचे काम पुरेना, तेव्हा त्यांनी ती विद्या गिटारकडे वळवली. १९६० साली त्याच शहरात फुजिगेन नावाचा दुसरा कारखाना निघाला. या कारखान्यांतून जहाजे भरभरून गिटार अमेरिकेला आणि युरोपला जाऊ लागल्या.

आता आपल्या हरवलेल्या खोगिराच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट. हे कारखाने मुख्यतः लाकडाचे काम करीत. घोड्या, खुंट्या, स्क्रू हे धातूचे सामान पुष्कळदा बाहेरच्या कारखान्यांतून येई. गुन्मा प्रांतातली गोतो ही कंपनी अशा सामानासाठी आजही जगभर प्रसिद्ध आहे. शिवाय तयार गिटारवर कारखान्याचे नाव नसेच. परदेशातला व्यापारी सांगेल ते नाव तिच्या माथ्यावर लागायचे. एकाच कारखान्यातून, एकाच फळीतून निघालेल्या दोन बहिणी दोन नावांनी दोन दुकानांत विकल्या जात. याचा अर्थ काय? माथ्यावरच्या नावावरून खोगीर शोधू गेलात, तर फसाल. नाव निराळे असून खोगीर तेच असू शकते, आणि नाव तेच असून खोगीर निराळे असू शकते. खरी ओळख पटते ती मापावरून.

सुरुवातीच्या जपानी गिटार स्वस्त होत्या आणि बऱ्याचशा अमेरिकन गिटारांच्या नकला होत्या. नक्कल म्हटली की आपण नाक मुरडतो. पण नक्कल दोन तऱ्हांची असते. एक नुसती दिसण्याची, दुसरी मापाची. जपानी कारागीर पहिलीवरून दुसरीकडे सरकत गेले. १९७७ साली गिब्सन गिटारच्या मालक कंपनीने अमेरिकेतल्या न्यायालयात फिर्याद केली. फिर्याद होती इबानेझ या जपानी गिटारच्या अमेरिकेतल्या शाखेवर, आणि कारण होते गिटारच्या माथ्याचा आकार. प्रकरण पुढे आपसांत मिटले. पण तोवर जपानी कारखाने स्वतःचे आराखडे काढू लागले होते. आणि १९८२ साली तर नवलच झाले. ज्या फेंडरच्या गिटारची नक्कल होत असे, त्या फेंडरनेच जपानात कंपनी काढली आणि गिटार बनवण्याचे काम फुजिगेनच्या हाती दिले! पाच वर्षांपूर्वी तिथे न्यायालयाची पायरी होती, आता भागीदारीचा करार झाला होता. अर्थात फिर्यादी कंपनी निराळी आणि करार करणारी निराळी, पण काळाचे वळण एकच.

मग एवढ्या भरभराटीतल्या गिटारचे सुटे भाग आज का मिळत नाहीत? कारण कारखाने माणसांसारखेच असतात, त्यांनाही आयुष्य असते. टेइस्को १९६७ साली कावाई कंपनीने विकत घेतली. १९८५ नंतर जपानचे चलन, येन, फार महाग झाले. परदेशी गिऱ्हाइकाला जपानी माल परवडेना आणि स्वस्त गिटारचे काम कोरियाकडे गेले. १९८७ साली मात्सुमोकु बंद झाला. त्या दिवसापासून त्याची प्रत्येक गिटार पोरकी झाली. गिटार हजारो उरल्या, पण नवे खोगीर पुरवणारे दार मिटले.

आता असे समजा, की अशी एक जुनी जपानी बेस गिटार तुमच्या गावच्या बँडमध्ये, चर्चमध्ये किंवा शाळेच्या कपाटात आहे. तीन खोगिरे जाग्यावर आहेत, चौथे गेले आहे. माणसाच्या मनात पहिला विचार येतो, की दुकानातून मिळेल ते खोगीर आणावे आणि ठोकून बसवावे. आपल्या भाषेत याला शब्दच आहे, खोगीरभरती! असे करू नका. का, ते सांगतो.

बिघाड होतो तो स्क्रूच्या आट्यांत. आटे म्हणजे स्क्रूच्या अंगावरचा वळणावळणाचा नागमोडी खोबणा. दोन आट्यांमधले अंतर हे स्क्रूचे खरे रहस्य. अमेरिकन गिटारवर इंची मापाचे स्क्रू असतात. त्यांतला एक नेहमीचा बारीक स्क्रू २.८४ मिलिमीटर जाडीचा आहे आणि त्याला इंचाला ४० आटे, म्हणजे दोन आट्यांत ०.६३५ मिलिमीटर अंतर. जपानी स्क्रू ३ मिलिमीटरचा. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. पण इथेच गोष्ट संपत नाही. खुद्द जपानी ३ मिलिमीटर स्क्रूचेही दोन प्रकार आहेत! जपानच्या जुन्या मानकाप्रमाणे त्याच्या आट्यांतले अंतर ०.६ मिलिमीटर होते. १९६० च्या दशकात जपानने आंतरराष्ट्रीय मानकाशी जुळते घेतले आणि ते अंतर ०.५ झाले. म्हणजे त्या दशकातल्या गिटारवर जुना स्क्रूही असू शकतो आणि नवाही.

हे ऐकून हसू नका, मंडळी. आपल्याकडेही हेच घडून गेले आहे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, आणि कितीतरी दिवस आणे आणि नवे पैसे एकाच खिशात खुळखुळत होते. १९५६ च्या कायद्यानंतर ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर-मण जाऊन किलो आला. जपाननेही आपली शाकू आणि कान ही जुनी मापे सोडून १ जानेवारी १९५९ पासून व्यापारात मेट्रिक मापे सक्तीची केली. दोन्ही देशांनी जवळजवळ एकाच सुमारास मापे बदलली. कायदा एका दिवसात बदलतो, पण दुकानातल्या डब्यातले जुने स्क्रू काही त्या दिवशी बदलत नाहीत. इतिहास असा डब्याच्या तळाशी शिल्लक राहतो.

मग करायचे काय? जे उरले आहे त्याला विचारायचे. चार भावंडांतले एक हरवले, पण तीन समोर बसली आहेत. त्यांच्यापैकी एक हलकेच सोडवा. आधी त्या तारेचा ताण उतरवायला विसरू नका. व्हर्नियर कॅलिपर घ्या. तो हायस्कुलाच्या प्रयोगशाळेत असतोच, गुरुजी तो आनंदाने देतील. मापे क्रमाने कागदावर लिहा. खोगिराची लांबी, जाडी आणि उंची. मागच्या लांब स्क्रूची जाडी आणि लांबी. ग्रब स्क्रूची जाडी. तार बसते त्या खाचेची रुंदी. स्प्रिंगेची लांबी आणि गोलाई. शेवटी शेजारच्या दोन तारांमधले अंतर. ते पुष्कळ बेस गिटारवर १९ मिलिमीटरच्या आसपास असते, पण आपल्या गिटारवरचेच मोजावे.

आट्यांचे अंतर मोजायची सोपी रीत सांगतो. स्क्रूवर ६ मिलिमीटर लांबी धरा आणि तेवढ्यात आटे किती भरतात ते भिंगातून मोजा. १० भरले, तर जुना जपानी स्क्रू. १२ भरले, तर नव्या मानकाचा. साडेनऊच्या आसपास आले आणि जाडी ३ पेक्षा कमी भरली, तर कोणीतरी आधीच अमेरिकन स्क्रू घुसवला आहे असे समजा. आणखी एक कसोटी बोटांची. योग्य स्क्रू नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत आत जातो. चुकीचा स्क्रू दोन-तीन फेरे गोडीने जातो आणि मग अडतो. अडला, की थांबा. पान्ह्याने जोर लावाल, तर आतले आटे कापले जातील. मग एका खोगिराच्या पायी दुसरेही हातचे जाईल.

माप हाती आले, की तालुक्याच्या गावी टर्नरकडे जा. पंपाचे, ट्रॅक्टरचे भाग जो लेथवर कातून देतो, तोच. पितळेच्या कांबीचा तुकडा, उरलेल्या खोगिरांपैकी एक नमुना आणि मापांचा कागद त्याच्यापुढे ठेवा. त्याला हे काम किरकोळ आहे. लांब स्क्रू मध्यातून जाईल असे भोक पाडायचे, त्यात टॅपने आटे पाडायचे, वर ग्रब स्क्रूची दोन भोके करायची. जुन्या मानकाचा ०.६ चा टॅप त्याच्याकडे नसेल, तर नव्या खोगिराला ०.५ चे आटे पाडा आणि लांब स्क्रूही त्याच आट्यांचा नवा घ्या. पण ही बाब कागदावर लिहून ठेवा. बाकीच्या तिघांचे स्क्रू बदलायची गरज नाही. खोगीर धातूचेच करा, प्लॅस्टिकचे नको. विजेच्या गिटारच्या घोडीखाली एक बारीक वायर असते. ती तारांना वाद्यातल्या विजेच्या जोडणीच्या अर्थिंगशी जोडते आणि स्पीकरमधली घरघर कमी करते. काही घोड्यांवर मधे प्लॅस्टिक आले, की त्या एका तारेची ही जोडणी तुटू शकते.

खोगीर तयार झाले. तार जाईल ती खाच बारीक कानशीने गुळगुळीत करा, धार राहिली तर तार तुटेल. आता जागा ठरवायची. जुने खोगीर जिथे वर्षानुवर्षे बसले होते, तिथे ग्रब स्क्रूच्या टोकांनी पत्र्यावर दोन ठिपके पडलेले असतात. तिथून सुरुवात करा. तार सुरात लावा. बाराव्या पडद्यावर बोट नुसते टेकवून छेडा आणि पटकन उचला, एक नाजूक, मोकळा स्वर निघेल. मग त्याच पडद्यावर तार दाबून वाजवा. दोन्ही स्वर एक झाले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा आला, तर खोगीर दांडीपासून मागे घ्या. उतरता आला, तर पुढे आणा. दर वेळी तार पुन्हा सुरात लावून मगच पाहा. तंबोऱ्याची जवारी काढताना दोरा केसभर सरकवतात ना, तोच हा धीराचा खेळ. ज्याने तंबोरा लावला आहे, त्याचा कान इथे चुकणार नाही.

कोणी म्हणेल, एवढे करण्यापेक्षा सगळी घोडीच नवी घ्यावी! तसे करता येते, आणि कधी करावेही लागते. जुनी घोडी पार गंजून गेली असेल, तर इलाज नाही. पण नव्या घोडीची भोके जुन्या भोकांवर क्वचितच बसतात. मग धडात नवी भोके पाडावी लागतात, आणि लाकडात पाडलेले भोक कायमचे. अनेक जुन्या जपानी बेस गिटार आखूड दांडीच्या, ३० इंचांच्या आसपासच्या असतात. त्यांच्यावर नवी घोडी चार-दोन मिलिमीटर जरी चुकीच्या जागी बसली, तरी बारावा पडदा मध्यावर राहत नाही आणि चारही तारा बिघडतात. एका तारेचा रोग चौघींना लावायचा कशाला?

हीच दुरुस्तीची परंपरा आपल्या मिरजेतही आहे, आणि जपानच्या हकीकतीशी ती किती जुळते पाहा. मिरजेचे शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, झिलई देणारे कारागीर. तलवारींचे दिवस सरले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी बिघडलेली वाद्ये दुरुस्त करायला घेतली, आणि दुरुस्ती करता करता ते स्वतः तंबोरे आणि सतारी बनवू लागले. त्यांच्या वंशजांनी आणि शिष्यांनी ती विद्या आजवर चालवली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा, हामामात्सुचा घड्याळ दुरुस्त करणारा, मिरजेचा शिकलगार. एकमेकांची नावेही यांनी ऐकली नसतील. पण तिघांचीही पहिली शाळा एकच, दुसऱ्याने बनवलेली बिघडलेली वस्तू.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, म्हणून एक विनंती. शाळेच्या कपाटात एखादी पेटी असेल, तराजू असेल, सूक्ष्मदर्शक असेल, आणि त्याचा एक बारीकसा भाग गेला म्हणून ते सारे निकामी ठरवून ठेवले असेल, तर मुलांसमोर ते एकदा उघडा. काय हरवले आहे, हे उरलेल्या भागांवरून त्यांना ओळखू द्या. माप घेऊ द्या, चित्र काढू द्या. दुरुस्ती जमेल किंवा जमणार नाही. यामाहाचा पहिला ऑर्गनही बेसूरच निघाला होता.

आणि बेस गिटारचे ते नवे खोगीर बसवून झाले, की शेवटचे एक काम राहते. मापांचा तो कागद फेकू नका. त्यावर कोणत्या वर्षी, कोणत्या धातूचे, कोणत्या आट्यांचे खोगीर बसवले ते शाईने लिहा, घडी घाला आणि गिटारच्या पेटीत ठेवून द्या. मात्सुमोतोचे दार १९८७ साली मिटले. आणखी तीस-चाळीस वर्षांनी दुसरे एखादे खोगीर हरवेल, तेव्हा जो कोणी ती पेटी उघडेल, त्याला विचारायला निदान तुमचा कागद तरी असेल.

नमस्कार.